खिडकीच्या उजवीकडची भिंत

त्याला सगळे ओळंबा म्हणत. दोरीला टांगलेलं वजन भिंतीलगत सोडून भिंत सरळ उभी आहे का ते बघतात, ते हत्यार म्हणजे ओळंबा. छत्तीस वर्षं तो फरशा बसवत होता आणि त्याची एक ओळ कधी केसभर तिरकी गेली नव्हती, म्हणून हे नाव चिकटलं. त्याची बायको मात्र म्हणायची, "नाव अगदी बरोबर ठेवलंय. घरी आला की नुसता लोंबकळत उभा. तोंडातून शब्द नाही."

ही गोष्ट ज्या भिंतीची, ती एका हॉस्पिटलच्या तळमजल्यावर आहे. शरीराच्या आतले फोटो काढणारं एक मोठं यंत्र तिथे नव्याने आलं होतं आणि शेजारी रोग्यांना थांबण्यासाठी खोली बांधली होती. लांबट खोली, दोन्ही टोकांना दारं, आणि मोठ्या भिंतीत मधोमध एक छोटी खिडकी. खिडकीतून नाव पुकारायचं, ज्याचं नाव त्याने आत जायचं. बाकीच्यांनी भिंतीकडे बघत बसायचं.

ती भिंत सजवायचं काम एका चित्रकारबाईला दिलं होतं. पहिल्या दिवशी ती लाकडी पेट्या घेऊन आली. पन्नाशी ओलांडलेली, बारीक, डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला. फरशा तिने स्वतः साच्यात घालून, भट्टीत भाजून केल्या होत्या. ओळंब्याने झाकण उघडून पाहिलं. फरशा दोनच जातीच्या होत्या. दोन्हींच्या चारही बाजू सारख्या, पण काटकोन कुठेच नाही. पतंग एका अंगाला दाबावा तशा. एक जाडजूड, निळी-करडी. दुसरी काटकुळी, दुधी. आणि प्रत्येकीच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत दोन बारीक कमानी रंगवलेल्या, एक तांबूस, एक हिरवट.

"नकाशा कुठाय?" ओळंब्याने विचारलं.

"नकाशा नाहीये. नियम आहे," बाई म्हणाली. "कडेला कड लावाल तेव्हा तांबूस कमान तांबूस कमानीला मिळाली पाहिजे, हिरवी हिरवीला. एवढं पाळा आणि लावत जा."

"आणि शेवटी दिसणार काय?"

"ते मलाही नक्की माहीत नाही. एवढंच माहीत आहे की कितीही लावत गेलात तरी नक्षी फिरून पहिल्यावर येणार नाही."

"बाई, मी साठीला आलो. माझी थट्टा करू नका."

बाई हसली आणि पेटीवरच बसली. तिला फार वेळ उभं राहवत नव्हतं, हे तेव्हा त्याच्या लक्षात आलं. "मिस्त्री, मी दीड वर्षं अशाच एका खोलीत बसतेय," ती म्हणाली. "समोर पांढऱ्या चौकोनी फरशा. आडव्या चौतीस, उभ्या अठरा. पहिल्या दिवशी मोजल्या, दुसऱ्या दिवशी परत मोजल्या. तिसऱ्या दिवशी त्या भिंतीत मोजायला काही उरलंच नाही. मग मन दुसरंच काही मोजायला लागलं. मला अशी भिंत हवी जिच्यात नजरेला वाट सापडेल पण वाट संपणार नाही. म्हणून झाड नको, पक्षी नको, डोंगर नको. नुसती शिस्त. पण अशी, की जी पाठ होत नाही."

ओळंब्याने एक फरशी उचलून हातात फिरवली. सहा वर्षांपूर्वी बायको आजारी होती तेव्हा तोही चार महिने अशा खोलीत बसला होता. बायको खडखडीत बरी झाली, पण तिथल्या समोरच्या भिंतीत कुणा धांदरट गवंड्याने कोपरा उडालेली एक फरशी लावली होती, ती आजही त्याला डोळ्यांपुढे दिसायची. तो म्हणाला, "मीही मोजल्यात, बाई." आणि काम घेतलं.

दोन दिवस ती शेजारी बसून बघत होती. मग तिच्या तीन महिन्यांच्या उपचारांची शेवटची फेरी आली आणि ती घरी पडून राहिली. जाताना म्हणाली, "फरशा जपून वापरा हं. जादा थोड्याच आहेत, आणि आता माझ्याच्याने भट्टी लावायची नाही."

ओळंब्याने डाव्या दारापासून सुरुवात केली. पहिले तीन दिवस त्याचा विश्वास बसेना. आयुष्यभर त्याने पाहिलेली प्रत्येक नक्षी चार हातांवर पुन्हा सुरू होत असे; एकदा ती सापडली की डोकं घरी ठेवून हात चालवता येत. इथे पाच पाकळ्यांची फुलं उमलायची, चांदण्या व्हायच्या, पण एका चांदणीपासून दुसरी किती अंतरावर येईल ते सांगता येत नव्हतं. त्याने सूत लावून पाहिलं, सुतावर गाठी मारून पाहिल्या. गाठी जुळायच्या, जुळायच्या, आणि पाचव्या-सहाव्या गाठीला दगा द्यायच्या. चौथ्या दिवशी त्याने सूत गुंडाळून खिशात टाकलं आणि नियम पाळत लावत गेला.

मग त्याला गंमत वाटायला लागली. वायरिंगवाले, रंगारी, नळवाले डबा खायला याच खोलीत यायला लागले. भिंतीकडे तोंड करून बसायचे. "काय आहे हो हे?" कुणीतरी विचारायचं. "काही नाही," ओळंबा सांगायचा. "बरं वाटतं पण," एक रंगारी म्हणाला. "चुलीतल्या निखाऱ्यांकडे बघत बसावं तसं."

घरी यातलं तो काहीच बोलला नाही. घरात तेव्हा तिघंच होते. मुलगा मालवाहू जहाजावर यंत्रं सांभाळायचा आणि सहा-सहा महिने समुद्रावर असायचा. त्याचं लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं. सून कॉलेजात गणित शिकवायची. मुलगी गुणी होती, पण अबोल. ओळंब्याला तिची भीतीच वाटायची, अर्थात हे त्याने मेला तरी कबूल केलं नसतं. सातवीत गणितात आपटल्यावर त्याने शाळा सोडली होती. सुनेच्या टेबलावर उलट्यासुलट्या अक्षरांनी भरलेले कागद पडलेले दिसले की तो लांबूनच वळायचा. तिला वाटायचं, बाबांना आपलं या घरात येणं रुचलेलं नाही. त्याला वाटायचं, ही शिकलेली पोर आपल्याशी काय बोलणार! सकाळी ती म्हणायची, "येते बाबा." तो म्हणायचा, "हं." दिवसाचं बोलणं तिथेच आटोपायचं.

अकराव्या दिवशी, शुक्रवारी, भिंत अडली.

डाव्या दारापासून तो खिडकीखालून उजवीकडे सरकला होता, आणि खिडकीवरून जाऊन वरच्या अंगाने खाली उतरला होता. खिडकीच्या उजव्या हाताला दोन्ही बाजू एकमेकींना भेटायच्या होत्या. सगळं जुळत आलं आणि शेवटी तीन फरशांची, सहा कडांची एकच जागा उरली. दोन जाड आणि एक बारीक फरशी तिच्यात बरोबर मावत होती. मापात काही खोट नव्हती. पण कमानी जुळेनात. तिन्ही फरशा एका तऱ्हेने ठेवल्या की डावीकडची तांबूस कमान हिरवीवर जाऊन आपटायची. उलट्या ठेवल्या की उजवीकडे तसंच. तिसरी तऱ्हा नव्हतीच.

हॉस्पिटलच्या बांधकामाचा इंजिनिअर फेरी मारायला आला. सोमवारी खोली उघडायची होती आणि तो आठवडाभर नखं खात फिरत होता. "थांबलात का, मिस्त्री?"

"रेघ जुळत नाही, साहेब."

इंजिनिअरने वाकून पाहिलं. "ही? बोटाएवढी रेघ? लावून टाका हो! कोण बघतंय?"

तो गेल्यावर ओळंब्याने फरशा चिकटपट्टीने तात्पुरत्या अडकवल्या आणि समोरच्या बाकावर जाऊन बसला. भिंतीत हजारभर फरशा होत्या. तरी नजर कुठेही ठेवली की घसरत-घसरत त्या मोडक्या कमानीवर येऊन थांबायची. डोळा तिथेच अडकायचा, दातात काही अडकलं की जीभ राहून-राहून तिथेच जाते तसा. उद्या कुणीतरी इथे चार महिने बसेल, त्याच्या मनात आलं. आणि त्याला हेच दिसेल.

चूक कुठे झाली असेल? दहा ठिकाणी दोन्ही फरशा चालतील अशी जागा आली होती आणि तिथे त्याने मनाला येईल ती लावली होती. त्यातली एक जरी चुकली असेल तर खिडकीच्या उजवीकडचं सगळं उखडावं लागणार. तीनशे फरशा. उखडताना निम्म्या फुटणार आणि पेटीत उरल्या होत्या सगळ्या मिळून अकरा. बाई भट्टी लावू शकत नाही. छत्तीस वर्षांत पहिल्यांदाच त्याने हत्यारं न धुता पिशवीत टाकली.

संध्याकाळी जेवायला बसला, पण घास उतरेना. बायकोने दोनदा पाहिलं आणि तिसऱ्यांदा विचारलं, "अहो, झालंय काय? ताटाशी भांडण आहे का?"

थोडं-थोडं करत त्याने सांगितलं. बायको म्हणाली, "मग विचारा की कुणालातरी."

"कुणाला विचारू? हे फरशीचं काम नाही. हे काहीतरी... हिशेबाचं आहे."

"अगं बाई! घरात गणिताची बाई आणून ठेवलीय आणि हे गावभर शोधतायत."

"तिला कशाला त्रास," ओळंबा पुटपुटला. सून समोरच बसली होती. तिने पाण्याचा पेला खाली ठेवला आणि हळूच विचारलं, "बाबा, फरशा कशा दिसतात? काढून दाखवाल?"

त्याने जुन्या वर्तमानपत्राच्या कडेला पेन्सिलने दोन्ही फरशा काढल्या आणि कोपऱ्यांत कमानी घातल्या. त्याचा हात चांगला होता, कोन बरोबर आले. सून कागदाकडे बघत राहिली. मग तिने ताट बाजूला सारलं. असं करताना तिला कुणी कधी पाहिलं नव्हतं.

"किती मोठी भिंत आहे?"

"तीस फूट बाय दहा."

"तीस फूट!" ती म्हणाली. "बाबा, ही भिंत आहे कुठे? मला उद्या सकाळी न्याल?"

शनिवारी तिला सुट्टी होती. सकाळी आठला दोघं तिथे पोचले. ओळंब्याने दिवे लावले. सून दारातच थांबली. मग सावकाश खोलीच्या मध्यापर्यंत आली आणि तिथे खिळून उभी राहिली. पाच मिनिटं झाली, सात झाली. ओळंबा पेटीचं झाकण उघडू-मिटू लागला. त्याला वाटलं, ही चुका मोजतेय.

"खूप आहेत का?" त्याने शेवटी विचारलं.

"काय?"

"चुका."

ती वळली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता. "नाही हो बाबा. मी पाच वर्षं हे शिकवतेय. पन्नासेक वर्षांपासून गणितात ही जोडी माहीत आहे. नक्षी कधीच फिरून पहिल्यावर येत नाही, याची सिद्धता मला झोपेतसुद्धा लिहिता येते. पण मी हे कायम हातभर कागदावर पाहिलंय. एवढं मोठं... मला वाटलंच नव्हतं." तिने छातीवर हात ठेवला आणि स्वतःलाच हसली. "माझं काळीज धडधडतंय. वेडेपणा आहे नुसता."

ओळंब्याने बाक ओढून तिच्याजवळ आणला.

तिने खडू मागितला आणि कामाला लागली. आधी डाव्या दाराजवळच्या जागा तपासल्या, जिथे त्याने मनाने निवड केली होती त्या. तिला वाटत होतं की चूक तिथेच सापडेल. दोन तास ती शिडीवर चढ-उतर करत होती, कागदावर आकडे मांडत होती, पुसत होती. काही सापडलं नाही. साडेदहाला ती धप्पकन बाकावर बसली. "मला येत नाहीये, बाबा," ती म्हणाली. "सगळीकडे नियम पाळलेत तुम्ही. एकही चूक नाही. आणि तरी जुळत नाही. असं होऊ शकतं हे मला माहीत आहे. पण पुस्तकात चित्र असतं, बाण दाखवलेला असतो. इथे नुसती भिंत."

तिने हार मानलेली पाहून ओळंब्याला आश्चर्य वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडी जवळीकही वाटली. त्याने थर्मासमधला चहा ओतून तिला दिला. आपणही बसला. बोलायला काही नव्हतं म्हणून तो म्हणाला, "मला तर नुसती बेचकी दिसतात."

"कसली बेचकी?"

"गलोलीची. ही बघ ना." त्याने उठून रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. "इथे तीन फरशा बसतात, म्हणजे मधल्या सांध्यांचं बेचकं होतं. अशीच सहा कडांची घरं इथून डावीकडे एका रांगेत जातात, एखादं लांबट, एखादं आखूड. त्या सगळ्यांत बेचकं इकडे तोंड करून आहे. आणि इथून उजवीकडेही तीच रांग पुढे जाते, अगदी कोपऱ्यापर्यंत. पण तिकडची बेचकी उलटी. समोरासमोर उभी राहिल्यासारखी. भांडायला."

सुनेने कप बाकावर ठेवला, तो कलंडला, चहा सांडला. तिचं लक्ष नव्हतं. ती भिंतीशी गेली आणि खडूने त्या रांगेच्या कडा ओढत निघाली. एक घर, दोन घरं, तीन. रांग तिरकी, पण सुतासारखी सरळ, रिकाम्या जागेतून आरपार. ती कोपऱ्यापर्यंत पोचली आणि मोठ्याने हसली.

"बाबा! तुम्हाला सापडलं! तुम्हालाच सापडलं!"

"काय सापडलं?"

"हे बघा. घराची वरची-खालची कड आतल्या बेचक्यावर अवलंबून नाही. आतल्या तिन्ही फरशा उलट बसवल्या की बदलतात त्या फक्त शेजारच्या घरांना लागणाऱ्या दोन टोकांच्या कमानी, वरची-खालची कड तीच राहते. कमानींसकट. म्हणजे ही अख्खी रांग उलटवली तर वरच्या आणि खालच्या फरशांना पत्तासुद्धा लागत नाही. तुम्ही डावीकडून येताना एक तोंड निवडलंत, वरून उतरताना दुसरं. दोन्ही आपापल्या जागी बरोबरच. फक्त एकाच रांगेत दोन्ही चालत नाहीत. आता रिकाम्या जागेपुढची, कोपऱ्यापर्यंतची घरं उलटवायची, बस्स."

ओळंबा घरं मोजू लागला. एक, दोन, तीन. बोट कोपऱ्याशी येऊन थांबलं. "सहाच?"

"सहा. आणि कोपऱ्यातलं एक कापलेलं."

"तीनशे नाही?"

"अठरा फरशा, बाबा. आणि ते कोपऱ्यातले तुकडे. आणि त्याच अठरा परत लावायच्या, नव्या लागल्या तर कोपऱ्यापुरत्या."

ओळंबा बाकावर बसला. त्याने दोन्ही तळहात गुडघ्यांवर ठेवले. काल संध्याकाळपासून छातीवर कुणीतरी सिमेंटचं पोतं ठेवलं होतं, ते उतरलं. मग त्याने डोळे पुसले आणि म्हणाला, "तुझा चहा सांडला, सूनबाई. दुसरा घे."

फरशा काढायचं काम त्याचं होतं. मसाला तीन दिवसांचा होता, पुरता कडक झाला नव्हता, आणि सांधे अजून भरायचे होते. फरशीमागे बारीक पोलादी तार सारायची, दोन्ही टोकांना लाकडाच्या मुठी, आणि करवतीसारखी ओढत राहायची. एका फरशीला पंधरा-वीस मिनिटं. सून खालून तळहात लावून उभी राहायची, फरशी सुटली की अलगद झेलायची आणि मागे पेन्सिलने आकडा घालायची. पहिल्या तीन साबूत निघाल्या. चौथी मधोमध तडकली. सुनेने दाताखाली ओठ धरला.

"जाऊ दे," ओळंबा म्हणाला. "अकरा आहेत पेटीत."

दुपारी बायको डबा घेऊन आली. सासरे-सून एकाच तारेच्या दोन मुठी धरून ओढतायत आणि दोघांचे केस पांढऱ्या भुकटीने माखलेत, हे तिने दारातूनच पाहिलं. "छान," ती म्हणाली. "आता दोघंही सारखेच म्हातारे दिसताय." मग तिने भिंतीकडे पाहिलं, डबा मांडीवर घेऊन बाकावर बसली, आणि जेवण वाढायचं अर्धा तास विसरली.

शनिवारी दिवस मावळेपर्यंत अठराही फरशा निघाल्या. चार फुटल्या. रविवारी सकाळी ओळंब्याने मागचा मसाला खरवडून नवा थापला आणि सुनेने आकड्यांप्रमाणे फरशा हातात द्यायला सुरुवात केली. आधी कोपऱ्यातले तुकडे कापून बसवले. त्यांत पेटीतल्या तीन फरशा गेल्या. मग एकेक घर, बेचकं उलट करून. शेवटी रिकाम्या जागेशी पोचले. दोन जाड, एक बारीक. ओळंब्याने शेवटची फरशी दाबली, अंगठ्याने सरकवली, ठोकळ्याने हलकेच ठोकली. डावीकडची तांबूस कमान तांबूसला मिळाली. उजवीकडची हिरवी हिरवीला. वरची मिळाली. खालची मिळाली.

"बसली," तो म्हणाला.

दोघं मागे सरकले. त्याने मुद्दाम डोळे मिटून उघडले आणि नजर सैल सोडली. नजर एका फुलावरून चांदणीवर गेली, तिथून कमानीवरून घसरत खिडकीपलीकडे गेली, फिरली, परत आली. कुठे अडली नाही.

"सूनबाई, एक विचारू?" तो म्हणाला. "हे बघून बरं का वाटतं? चित्र तर काहीच नाही."

तिने हातावरची भुकटी झटकली. "मला वाटतं, डोळ्याला कळतं की इथे नियम आहे. पुढचं ओळखायला गेलं की अर्धं ओळखता येतं, अर्धं नाही. सगळं ओळखता आलं असतं तर कंटाळा आला असता. काहीच आलं नसतं तर भीती वाटली असती." मग तिने खांदे उडवले. "पण हे माझं आपलं म्हणणं. नक्षी फिरून येत नाही याची सिद्धता आहे, बाबा. बरं का वाटतं याची नाही."

"नसू दे," ओळंबा म्हणाला. "वाटतंय ना?"

संध्याकाळी सांधे भरून झाल्यावर इंजिनिअर आला. त्याने त्या जागेकडे पाहिलं, मग दोघांच्या भुकटीने भरलेल्या कपड्यांकडे. "दोन दिवस घालवलेत की हो यावर! मला तर परवा काय होतं आणि आज काय आहे, काही फरक दिसत नाही."

"नाहीच दिसायचा, साहेब."

इंजिनिअर टेकला, जरा दम खायला म्हणून. त्याचा फोन वाजला, वाजत राहिला, बंद पडला. बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "आत्ता फोन आला होता का?" सुनेला हसू आवरेना.

सोमवारी खोली उघडली. भाषण-बिषण काही झालं नाही. खिडकीतली बाई आली, तिने यादी लावली, पंखा सुरू केला. यादीत तिसरं नाव चित्रकारबाईचं होतं. तीन महिन्यांच्या उपचारांचा काय परिणाम झाला ते त्या दिवशी कळायचं होतं. तिच्याबरोबर येणारं कुणी नव्हतं, हे ओळंब्याला ठाऊक होतं. तो सुनेला घेऊन सकाळीच पोचला.

बाई आली, दारात थांबली. मग भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हात फिरवत चालत गेली. ओळंब्याने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. कुठे अडलं, सुनेने काय सांगितलं, किती फुटल्या. "कुठली रांग?" बाईने विचारलं. त्याने दाखवायला बोट उचललं आणि ते हवेतच राहिलं. त्याला सापडेना. सुनेने शोधली, दोनदा चुकली, आणि मग तिने नाद सोडला.

"राहू दे," बाई म्हणाली. "फार छान झालं."

तिचं नाव पुकारलं गेलं. ती आत गेली. यंत्राला पाऊण तास लागतो, आणि नंतर डॉक्टर फोटो बघतात त्याला आणखी पाऊण तास. ओळंबा आणि सून शेजारी-शेजारी बसून राहिले. समोरच्या बाकावर एक तरुण जोडपं होतं. नवऱ्याने बायकोचा हात घट्ट धरला होता आणि बायको मान थोडी कलती करून भिंतीवर काहीतरी शोधत होती. तिने नवऱ्याला काहीतरी दाखवलं. त्याने मान हलवली, नाही, तिकडे. दोघं वाद घालायला लागले, हळू आवाजात.

"बाबा," सून म्हणाली, "एकदा माझ्या वर्गात याल? मुलांना मी सिद्धता शिकवीन. तुम्ही बेचकी दाखवा."

"मी? कॉलेजात?" ओळंबा दचकला. "मी सातवी नापास आहे गं."

"मला माहीत आहे. आईंनी सांगितलंय."

"ती एक..." तो म्हणाला आणि हसला. "बरं. येईन. पण फळ्यावर लिहायला लावायचं नाही."

दार उघडलं. चित्रकारबाई बाहेर आली. रुमाल थोडा सरकला होता, तो तिने नीट केला नव्हता. ती त्यांच्यापर्यंत आली आणि ओळंबा उठेपर्यंत तिला धीर धरवला नाही.

"गाठ वाढलेली नाही," ती म्हणाली. "थोडी लहानच झालीय. तीन महिन्यांनी परत या म्हणाले. तीन महिने, मिस्त्री! मला मधे काहीच करायचं नाहीये!"

तिला हसू येत होतं. सुनेने तिला धरून बाकावर बसवलं. ओळंबा थर्मास उघडून तीन कपांत चहा ओतायला लागला. एक थेंबही सांडला नाही.